पहिल्या रेटेड स्पर्धांमध्ये सी४ खेळणार असाल तर ड्रॉ कसा घ्यायचा तेही शिकून जा

मी शाळेत असताना तालुक्यापर्यंत बुद्धिबळ खेळलेलो, मग कॉलेज, नोकरी, लग्न, आणि एकदम चाळिशी ओलांडल्यावर पोराच्या क्लासमुळे परत पटासमोर बसलो. पोरानं सहा महिन्यांत क्लास सोडला, मी अडकलो. तीन रेटेड स्पर्धा (निकालावर आपलं रेटिंग बदलतं अशा) खेळून झाल्यात, आणि तिसरीत एक डाव असा झाला की पटावर ड्रॉ (बरोबरी) पूर्ण हातात होता तरी नियम नीट माहीत नसल्यामुळे घालवणारच होतो. तोच डाव धरून लिहितोय. ज्यांना पांढऱ्यानं सी४ (पहिल्याच चालीला सी चं प्यादं दोन घरं पुढे) खेळायचंय किंवा खेळायला लागलेत त्यांच्यासाठी खास, कारण या ओपनिंगमध्ये डाव लांबतात, चाळीस-पन्नास चाली सहज होतात, आणि लांबलेल्या डावात ड्रॉचा प्रश्न कधी ना कधी येतोच.

१. जायच्या आधी काय काय लागतं

यावर फार लिहीत नाही, पण एवढं जवळ हवंच:

- ऑल इंडिया चेस फेडरेशनची चालू वर्षाची नोंदणी (ऑनलाइन होते, फोटो आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो) आणि फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) आयडी
- आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र
- एंट्री फी भरल्याची पावती, प्रिंट काढून
- दोन पेनं
- माहितीपत्रकात लिहिलं असेल तर स्वतःचं डिजिटल क्लॉक. बऱ्याच ठिकाणी खेळाडूनंच आणायचं असतं आणि ते बारीक अक्षरात शेवटी लिहिलेलं असतं

प्रिंट का, तर मोबाइल. परवानगीशिवाय मोबाइल हॉलमध्ये चालत नाही, आयोजकांनी बॅगेत ठेवू दिला तरी पूर्ण बंद हवा, आणि वाजला तर डाव गेला, तिथे "सायलेंटवर होता हो" वगैरे कुणी ऐकून घेत नाही. माझ्या पहिल्या स्पर्धेत एका काकांचा गजर वाजला होता. बरी पोझिशन होती बिचाऱ्यांची.

माहितीपत्रक घरीच नीट वाचा. तीन गोष्टी शोधा: वेळ किती (मोठ्या डावांना बहुतेक ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद), किती मिनिटं उशीर झाला तर डाव जातो, आणि ठरावीक चालींच्या आधी ड्रॉ ऑफर करायला बंदी आहे का. हे तिसरं कुणीच वाचत नाही.

२. सी४ कशाला? ई४ काय वाईट आहे?

वाईट काही नाही, पण ई४ खेळलात की समोरचं दहा वर्षांचं पोरगं सिसिलियन बचावाच्या अठरा चाली पाठ करून आलेलं असतं आणि तुम्ही दिवसभर ऑफिस करून रात्री अर्धा तास यूट्यूब बघून गेलेले असता. सी४ मध्ये पाठांतर कमी लागतं, डाव हळूहळू उलगडतो. मधे प्यादी लगेच न घुसवता बाजूनं, म्हणजे सी४ च्या प्याद्यानं आणि जी२ च्या उंटानं, डी५ चं घर दाबून धरायचं एवढीच कल्पना. याला इंग्लिश ओपनिंग म्हणतात कारण हॉवर्ड स्टाँटन या इंग्लिश माणसानं १८४३ साली पॅरिसमध्ये सेंट-आमाँविरुद्धच्या मॅचमध्ये ते खेळलं. आपण स्पर्धेत ज्या घाटाची मोहरी वापरतो तो स्टाँटन पॅटर्न, तो हाच स्टाँटन.

३. पहिल्या सहा-सात चाली आणि त्यातले खड्डे

माझा क्रम असा: सी४, घोडा सी३, जी३, उंट जी२, डी३, मग घोडा एफ३ आणि कॅसलिंग (किल्लेकोट). त्यानंतर हत्ती बी१ वर आणायचा आणि बी४, बी५ असं वजिराच्या बाजूनं पुढे सरकायचं. सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच धोका आहे.

पहिला खड्डा: समोरचा काय खेळतोय ते न बघता पहिल्या पाच चाली धडाधड खेळणं. मी दोन डाव असेच घालवलेत. काळ्यानं ई५ नंतर सी६ केलं तर तो पुढच्या चालीला डी५ टाकून मधे भिंत बांधणार हे उघड आहे, तिथे आपलं डी३ वगैरे निवांत चालू ठेवलं की विसाव्या चालीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. सी६ दिसलं की थांबा, घोडा एफ३ किंवा डी४ चा विचार करा.

दुसरा खड्डा: सी४ सोबत ई४ पण खेळायचा मोह. तीही चांगली रचना आहे, बोटविनिक या जुन्या जगज्जेत्याच्या नावानं ओळखतात, पण मग डी४ च्या घराला तुमचं एकही प्यादं राखण करू शकत नाही आणि काळ्याचा घोडा तिथे येऊन पाय रोवून बसतो. डी४ वर लक्ष ठेवायला घोडा एफ३ ऐवजी ई२ ला न्यायचा असतो हे मला फार उशिरा कळलं.

तिसरा खड्डा काळ्यासाठी आहे, पण समोरचा त्यात पडला तर तुम्हाला माहीत हवा. सी४ ई५, घोडा सी३ घोडा एफ६, घोडा एफ३ घोडा सी६, जी३ उंट बी४, घोडा डी५ आणि काळ्यानं तो घोडा मारला, आपण सी च्या प्याद्यानं परत मारलं. आता काळ्याचा सी६ चा घोडा धोक्यात, तर काळा तो न हलवता ई४ ढकलून आपल्या घोड्यावर जातो. आपण सी६ चा घोडा मारायचा, तो एफ३ चा मारेल, आणि मग वजीर बी३. बी४ चा उंट बिनआधाराचा लोंबकळतो आणि सी६ चं प्यादं आत घुसायला तयार. १९७१ साली नेदरलँड्समधल्या वाइक आन झी च्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या पेट्रोशियननं रे या डच खेळाडूला असंच आठ चालींत राजीनामा द्यायला लावला होता. चांगले चांगले पडतात, आपलं काय घेऊन बसलात.

४. घरी एक डाव लावून बघा

पुस्तकं नंतर. आधी २०१८ च्या लंडनमधल्या जागतिक अजिंक्यपद लढतीचा चौथा डाव पटावर मांडा, कार्लसन पांढरा, कारुआना काळा. सी४ ई५ नं सुरू झाला, काळ्यानं चौथ्या चालीला डी५ टाकून प्यादी बदलली, कार्लसननं बी४, हत्ती बी१, ए४ असं अगदी आपल्यासारखंच वजिराच्या बाजूला जमवत आणलं. पंधराव्या चालीला बी५ ढकलायची वेळ आली असं सगळ्यांना वाटत होतं आणि त्यानं हत्ती ई१ ला नेला. तिथून हवा गेली. एकोणिसाव्या चालीला वजीर बदलले, दोघांचीही प्यादी एकावर एक आली, पांढऱ्याची ई मध्ये, काळ्याची एफ मध्ये, आणि ३४ चालींत ड्रॉ.

हा डाव कंटाळवाणा आहे असं म्हणणारे भेटतील (त्या लढतीचे बाराही क्लासिकल (मोठ्या वेळेचे) डाव ड्रॉ झाले होते त्यामुळे लोक वैतागलेलेच होते). पण आपल्यासाठी सोनं आहे. बी५ ची योजना असेल तर ती वेळेवर करावी लागते, एक तयारीची चाल जास्त झाली की समोरचा सावरतो, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. मी बी५ आणि हत्ती ई१ दोन्ही इंजिनशिवाय (चाली सुचवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमशिवाय) तीन-चार दिवस घासून बघितलं.

५. ड्रॉ ऑफर करायची रीत

रीत आहे बरं का, नुसतं मान वर करून "ड्रॉ?" म्हणायचं नसतं. क्रम असा: आधी पटावर चाल करा, मग ऑफर करा, मग क्लॉक दाबा. स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) त्या चालीपुढे (=) असं लिहा, दोघांनीही लिहायचं असतं.

ऑफर एकदा केली की मागे घेता येत नाही. समोरचा तोंडानं नाही म्हणेपर्यंत, किंवा चाल करायला मोहऱ्याला हात लावेपर्यंत ती उभी असते. म्हणजे तो वीस मिनिटं विचार करू शकतो, आणि त्या वीस मिनिटांत तुम्हाला स्वतःची जिंकायची चाल दिसली तर गप्प बसून बघत राहायचं.

समोरच्याच्या वेळेत ऑफर करू नका, आणि नाही म्हटल्यावर दर तीन चालींनी विचारू नका, आर्बिटरकडे (पंचाकडे) तक्रार गेली तर त्रास दिला असं धरतात.

आणि ते चालींच्या मर्यादेचं. २०२४ ला सिंगापूरला गुकेश आणि डिंगच्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत काळ्याच्या चाळिसाव्या चालीआधी आपसात ड्रॉ ठरवायला बंदी होती. पण आपसात ठरवणं वेगळं आणि तीच पोझिशन परत परत येणं वेगळं, ते अशा बंदीतही चालतं. त्या लढतीतला आठवा डाव डिंगनं सी४ नं सुरू केला होता, ५१ चालींत ड्रॉ झाला, आणि मधे गुकेशला चाली रिपीट करून सुटता येत होतं तरी तो टाळून पुढे खेळला. आपण तसं करायचं की नाही हे आपापल्या काळजावर.

६. तिहेरी पुनरावृत्ती: इथे मी आपटलो

नियम असा की तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली की ड्रॉ मागता येतो, म्हणजे क्लेम करता येतो. आता माझा डाव. माझं रेटिंग १४८०, समोर सांगलीकडचा अकरा वर्षांचा मुलगा, १६८२. पाय जमिनीला टेकत नव्हते त्याचे, खुर्चीवर मांडी घालून बसलेला. मी सी४, त्यानं ई५ आणि नंतर एफ५ करून माझ्या राजाकडे मोर्चा वळवला, मी नेहमीप्रमाणे बी४, बी५. एफ ची प्यादी बदलली, हत्ती बदलले, आणि गंमत म्हणजे माझ्याच बी५ च्या हल्ल्यातून शेवटी त्याचं ए चं प्यादं मोकळं सुटलं.

चाळिसाव्या चालीनंतर पोझिशन अशी: माझा राजा जी२, प्यादी एफ२, जी३, एच४, वजीर सी६. त्याचा राजा जी८, प्यादी जी७ आणि एच६, वजीर बी२, आणि ते ए चं प्यादं ए३ वर. प्यादी तीन-तीन, पण त्याच्या ए च्या प्याद्याला वजीर व्हायला दोनच घरं. मला शहांशिवाय काही नव्हतं, आणि नशिबानं शह संपत नव्हते. वजीर ई८ शह, राजा एच७. वजीर ई४ शह, राजा जी८. परत ई८. मधे त्यानं जी६ केलं असतं तरी वजीर ई७ नं शह होताच.

४७ व्या चालीला पहिला ई८, ४९ ला दुसरा, ५१ ला तिसरा. मी ५१ वी चाल पटावर केली, क्लॉक दाबलं, आणि मग रुबाबात क्लॉक थांबवून हात वर केला. आर्बिटर आले. मी म्हटलं, "सर, थ्रीफोल्ड."

त्यांनी क्लॉककडे बघितलं. "चाल कोणाची आहे?"

"त्याची."

"मग क्लेम तुम्ही कसा करणार?"

झालं. क्लेम फक्त ज्याची चाल आहे त्यालाच करता येतो. मी चाल करून क्लॉक दाबल्याबरोबर माझा हक्क संपला, क्लेम चुकीचा ठरला, आणि चुकीच्या क्लेमला समोरच्याच्या वेळेत दोन मिनिटं वाढवून देतात. मुलानं माझ्याकडे असं बघितलं की मला घाम फुटला.

बरोबर पद्धत अशी आहे, लक्षात ठेवा:

- तुमच्या पुढच्या चालीनं पोझिशन तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर करू नका. फक्त स्कोअरशीटवर लिहा, क्लॉक थांबवा, आर्बिटरला बोलवा आणि सांगा की ही चाल करणार आहे, तिसऱ्यांदा येतेय. एरवी चाल आधी लिहून मग खेळायला मनाई आहे, ड्रॉ क्लेम करताना मात्र तसंच करायचं. लिहिलेली चाल बदलता येत नाही, क्लेम फेटाळला तर तीच खेळावी लागते.
- समोरच्याच्या चालीनं पोझिशन तिसऱ्यांदा आली असेल आणि आता तुमची पाळी असेल, तर काही लिहायची गरज नाही. हात खिशात, क्लॉक थांबवा, आर्बिटर. मोहऱ्याला हात लावलात की त्या पाळीपुरता हक्क गेला.
- मोजायच्या त्या पोझिशन, चाली नाहीत. लागोपाठ यायला पाहिजे असंही नाही. पण पाळी त्याच बाजूची हवी, आणि कॅसलिंग किंवा जाता जाता प्यादं मारायचा (एन पासाँ) हक्क आधी होता आणि नंतर गेला तर ती पोझिशन वेगळी.

मी वाचलो कसा, तर ई८ च्या शहानंतर त्याच्याकडे राजा एच७ ही एकच कायदेशीर चाल होती. वाढलेल्या दोन मिनिटांचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. तरी त्यानं चार मिनिटं घालवली, मग राजा एच७ ला ठेवला. आता बघा, माझा वजीर ई८, त्याचा राजा एच७, पाळी माझी: हीच पोझिशन ४७, ४९ आणि ५१ व्या चालीनंतर, म्हणजे तिसऱ्यांदा. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले (खरंच, सवयीनं वजिराकडे जात होते), मग एका हातानं क्लॉक थांबवलं. आर्बिटरनी दोघांची स्कोअरशीट घेतली, शेजारच्या रिकाम्या पटावर चाली लावून बघितल्या, आणि मान डोलावली.

इथे अजून एक. माझी ४८ वी चाल मी घाईत एच४ अशी लिहिली होती, ई४ च्या जागी. त्या मुलाची शीट मोत्यासारखी होती म्हणून निभावलं. ३० सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत लिहावंच लागतं, आणि क्लेमच्या वेळी तोच पुरावा असतो, त्यामुळे अक्षर कसंही असू दे, घर बरोबर लिहा.

७. बाकीचे ड्रॉ, पटकन

पन्नास चाली: दोघांच्याही ५० चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर क्लेम करता येतो, पद्धत वरचीच. कुणीच क्लेम केला नाही तर ७५ चालींना, किंवा तीच पोझिशन पाच वेळा आल्यावर, डाव आपोआप ड्रॉ होतो. तीन आणि पन्नासला आर्बिटर स्वतःहून काही बोलणार नाही, ते तुमचं काम.

शह नाही पण कायदेशीर चालही नाही, म्हणजे स्टेलमेट, हे माहीतच असेल. दोन्हीकडून मात होणं शक्यच नाही (राजा आणि उंट विरुद्ध नुसता राजा) तेव्हाही डाव तिथेच संपतो. आणि तुमची वेळ संपली पण समोरच्याकडे कुठल्याच कायदेशीर चालींनी मात करण्याइतकं मोहरं नसेल तर तुम्ही हरत नाही, ड्रॉ मिळतो. हे माहीत नसल्यामुळे लोक हरलो समजून सही करून मोकळे होतात.

८. डाव संपल्यावर लगेच उठू नका

दोघांच्या शीटवर निकाल लिहा, दोघांनी दोन्हीवर सह्या करा, आणि जागा सोडायच्या आधी आर्बिटरला दाखवा. संध्याकाळी चेस-रिझल्ट्स या वेबसाइटवर आपला निकाल बरोबर चढलाय का बघा. चुकला असेल तर पुढची पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ती यादी) लागायच्या आत सांगा, नंतर सगळी फेरीच अडकते, मग कुणी हात लावत नाही.

रेटिंगचा हिशोब: नवीन खेळाडूचा गुणांक (रेटिंग किती वेगानं बदलतं तो आकडा) पहिले ३० डाव ४० असतो. दोनशेनं वरच्या खेळाडूशी आपल्याकडून अपेक्षा ०.२४ पॉइंटची, मिळाला अर्धा, फरक ०.२६, गुणिले ४०, म्हणजे १०.४ नं रेटिंग वाढलं. ज्यांचं अजून रेटिंगच नाही त्यांना आधी रेटेड खेळाडूंशी पाच डाव व्हावे लागतात, आणि मार्च २०२४ पासून १४०० च्या खाली रेटिंग देत नाहीत. पहिलं रेटिंग काढताना तर १८०० च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी ड्रॉ झाला असंही धरतात, म्हणजे तुमच्या आयुष्यातले पहिले दोन ड्रॉ न खेळताच झालेले असतात.

आणि ड्रॉ घेतला म्हणून क्लबात कुणी चिडवलं तर मनावर घेऊ नका. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला त्या फायनलचे दोन्ही क्लासिकल डाव ड्रॉच होते, निकाल रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) लागला.

सह्या झाल्यावर तो मुलगा म्हणाला, "काका, बाहेर बघूया का?" बाहेर त्याचे बाबा डबा घेऊन उभे होते. पायरीवर पट मांडून त्यानं दोन मिनिटांत दाखवलं की तीन-चार चाली आधी त्यानं राजा एच७ ला सरकवून ठेवला असता तर माझे शह संपले असते. मी म्हटलं असेल बाबा, मला तेव्हाही दिसलं नव्हतं आणि आत्ताही नीट दिसत नाहीये. त्यानं परत मांडून दाखवलं. तेवढ्यात पुढच्या फेरीची पेअरिंग लागली, मला काळी मोहरी आली होती.